जहाजावरील सागरविज्ञान प्रशिक्षण

सागरविज्ञान व मत्स्यविज्ञान या विषयांच्या पदव्युत्तर आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना समुद्रात नेऊन, चालू संशोधन सफरीत कामाला लावून दिले जाणारे शिक्षण. निरनिराळ्या खोलींवरचे पाणी घेणे, तळाचा गाळ काढणे, प्लवकांसाठी (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांसाठी) जाळे ओढणे, उपकरणांचे अंशशोधन करणे (त्यांचे माप प्रमाणाशी ताडून पाहणे), नोंदवही ठेवणे आणि रात्रीची पाळी करणे ही त्याची मुख्य अंगे होत. व्यापारी नौदलाच्या कॅडेटांच्या प्रशिक्षणाशी त्याची गल्लत होते. मुंबईत ती विशेष होते, कारण माझगावच्या किनाऱ्याजवळ 1927 पासून असलेले डफरिन आणि 1972 मध्ये त्याच्या जागी आलेले राजेंद्र ही प्रशिक्षण जहाजे या शहराच्या आठवणीत पक्की बसली आहेत. त्यांवर जहाज हाकण्याचे शिक्षण मिळे. प्रस्तुत नोंद जहाजावरून समुद्र मोजण्याच्या शिक्षणापुरती आहे.

प्रारंभ : भारतात या प्रथेचा आरंभ कोठून धरावा, याबाबत एकवाक्यता नाही. एक मत तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे नेते. सागरी सर्वेक्षण खाते 1874 मध्ये स्थापन झाले आणि त्यासाठी मुंबईच्या गोदीत बांधलेले इन्व्हेस्टिगेटर हे वाफेचे जहाज 1881 मध्ये पाण्यात उतरले. त्यावर शल्यवैद्य-निसर्गवैज्ञानिक असे एक पद असे. आल्फ्रेड अल्कॉक 1888 पासून काही वर्षे त्या पदावर होते व विसाव्या शतकाच्या आरंभी सेमूर सेवेल यांनी ते सांभाळले. सेवेल यांचेच उदाहरण या मताच्या बाजूने दिले जाते. इन्व्हेस्टिगेटरवर घडलेला हा वैद्य पुढे 1933–34 च्या जॉन मरे मोहिमेचा प्रमुख झाला आणि अरबी समुद्राचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्या मबाहिस या जहाजावर त्याच्या हाताखाली इजिप्तचे तरुण वैज्ञानिक तयार झाले. मात्र इन्व्हेस्टिगेटरवर एका वेळी एकच निसर्गवैज्ञानिक असे. तो स्वतःच शिके, त्याला शिकवणारा कोणी नसे आणि कोणत्याही विद्यापीठाशी त्या पदाचा संबंध नव्हता. त्यामुळे ही पूर्वपीठिका मानणे सयुक्तिक, आरंभ मानणे कठीण.

दुसरे मत मत्स्यव्यवसायाकडे बोट दाखवते. मुंबई सरकारने 1921–22 मध्ये विल्यम कॅरिक या ट्रॉलरकडून (तळालगत जाळे ओढणाऱ्या बोटीकडून) किनाऱ्यालगतच्या पाण्याची पाहणी करून घेतली होती. 1946 मध्ये मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र स्थापन झाले. तेच नावे व कक्षा बदलत 1983 मध्ये भारतीय मत्स्य सर्वेक्षण बनले. या बोटींवर माणसे शिकून तयार होत, हे खरे. पण ती प्रामुख्याने तांडेल, खलाशी व जाळी हाताळणारी माणसे होती.

तिसरे मत आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेला (1959–65), म्हणजे अनेक देशांच्या जहाजांनी मिळून केलेल्या या महासागराच्या पाहणीला, आरंभाचा मान देते. भारताच्या सहभागाची सूत्रे सागरी जीववैज्ञानिक एन. के. पणिक्कर यांच्याकडे होती. नौदलाचे किस्तना हे जहाज संशोधनासाठी उपलब्ध करून देण्यात आले. ॲन्टन ब्रून या अमेरिकन जहाजाच्या हिंदी महासागरातील सफरींना 1963 मध्ये मुंबईहून सुरुवात झाली. (हे जहाज पूर्वी विल्यम्सबर्ग या नावाने अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांची नौका होते.) त्याच वर्षी मोहिमेच्या हवामानशास्त्रीय अंगासाठी कुलाब्यात आंतरराष्ट्रीय केंद्र उघडले. वेगवेगळ्या देशांच्या जहाजांवर एकाच पद्धतीने नमुने घेतले तरच ते एकमेकांशी ताडून पाहता येतात, ही शिस्त तरुण भारतीय संशोधकांना प्रथमच डेकवर, प्रत्यक्ष हाताने शिकता आली. ‘प्रशिक्षण’ म्हणजे शिकवणारा, शिकणारा आणि ठरलेली पद्धत असा अर्थ घेतल्यास हेच मत अधिक ग्राह्य वाटते.

मोहिमेनंतर 1966 मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात असून एक प्रादेशिक केंद्र मुंबईत आहे. गाळ वाहणाऱ्या बार्जचे रूपांतर करून सिद्ध केलेले गवेषणी हे जहाज 1976 पासून तिच्या सेवेत होते. 26 जानेवारी 1981 रोजी बहुधात्विक गाठींचा (खोल समुद्रतळावरील, मँगनीज व इतर धातू असलेल्या गोट्यांचा) पहिला नमुना याच जहाजाने वर काढला. पुढे सागर कन्या (1983, लांबी सु. 100 मी.), सागर संपदा (1984, सु. 72 मी.), सागर निधी आणि 2014 मध्ये सिंधू साधना (80 मी.) ही जहाजे आली. नागपुरात जन्मलेल्या अदिती पंत या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील वैज्ञानिक 1983–84 च्या तिसऱ्या अंटार्क्टिक मोहिमेत होत्या. त्या व सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या भारतीय महिला वैज्ञानिक होत.

कामाची पद्धत : सफरीत पूर्वी ठरवलेल्या अक्षांश-रेखांशावर जहाज थांबवतात, त्या ठिकाणाला स्टेशन म्हणतात. जहाज चालू ठेवण्याचा खर्च फार असल्याने काम रात्रंदिवस चालते आणि विद्यार्थ्यांच्या पाळ्या लागतात. बहुतेक नवख्यांना पहिले एक-दोन दिवस बोट लागते. त्या अवस्थेतही नोंद न चुकवणे हे या शिक्षणाचे पहिले पाऊल आहे. मुख्य उपकरण सीटीडी हे होय. ते पाण्याची विद्युतवाहकता, तापमान व दाब मोजते; त्यांवरून क्षारता व खोली कळते. त्याभोवतीच्या कड्यावर निस्किन बाटल्या (हव्या त्या खोलीवर बंद करता येणाऱ्या नमुन्याच्या नळकांड्या) बसवलेल्या असतात. विंचने (तार सोडण्या-ओढण्याच्या यंत्राने) मिनिटाला साधारण 60 मी. या गतीने ते सोडले, तर 1,000 मी. खोली गाठायला सतरा-अठरा मिनिटे लागतात. वर येताना ठरलेल्या खोलींवर थांबून एकेक बाटली बंद करतात. विद्यार्थ्याची खरी कसोटी उपकरण डेकवर टेकल्यानंतर लागते.

बाटलीतून पाणी घेण्याचा क्रम ठरलेला असतो : आधी विरघळलेले वायू, नंतर पोषक द्रव्ये, शेवटी क्षारता. ऑक्सिजनचा नमुना घेताना रबरी नळी काचेच्या बाटलीच्या तळाला टेकवतात, पाणी दोन-तीन वेळा भरून वाहू देतात आणि एकही बुडबुडा राहणार नाही अशा बेताने बूच लावतात. लगेच मँगनीजचा क्षार व अल्कधर्मी आयोडाइड घालून ऑक्सिजन बांधून टाकतात. विंक्लर यांनी 1888 मध्ये मांडलेली ही पद्धत आजही प्रमाण मानली जाते. पृष्ठभागाजवळच्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर असल्याने तपकिरी साका बसतो; नंतर आम्ल घालून मुक्त झालेल्या आयोडिनाचे थायोसल्फेटने अनुमापन करतात, म्हणजे ते थेंबाथेंबाने घालून आयोडिनाचे प्रमाण काढतात. अरबी समुद्रात मात्र साधारण 150 ते 1,000 मी. खोलीच्या दरम्यान ऑक्सिजन अत्यंत कमी असलेला जाड थर आहे. तेथील पाण्यात साका जवळजवळ पांढरा राहतो. या थरातील नमुन्यात हवेचा लहानसा बुडबुडा शिरला, तरी आकडा कितीतरी पटींनी फुगतो. शिवाय इतक्या कमी प्रमाणांना नेहमीचे अनुमापनही अपुरे पडून मूल्य जास्त दाखवते. म्हणून तेथे वर्णमापन पद्धती (रंगाच्या गडदपणावरून प्रमाण काढणारी) किंवा अतिसंवेदी संवेदक वापरावे लागतात. या समुद्रातील विनायट्रीकरणाचे, म्हणजे नायट्रेटपासून नायट्रोजन वायू होण्याच्या क्रियेचे, सगळे गणित या आकड्यावर अवलंबून असते. तक्त्यातल्या एका अंकामागे किती हात आणि किती सावधगिरी असते, हे वर्गात सांगून पटत नाही. पांढरा साका स्वतः पाहिलेला विद्यार्थी दुसऱ्याचा आकडा वाचतानाही नमुना कसा घेतला असेल, असे विचारू लागतो. प्रस्तुत लेखकाच्या मते जहाजावरील शिक्षणाचा याहून मोठा लाभ नाही.

मुंबईतील सोय : वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थान 1961 मध्ये स्थापन झाले आणि 1989 मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. सरस्वती, नर्मदा यांसारख्या त्याच्या स्वतःच्या नौका विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या उद्देशाने ठेवल्या गेल्या. इतरत्र विद्यार्थ्याला दुसऱ्याच्या प्रकल्पाच्या सफरीत उरलेली जागा मिळते, म्हणून हे वेगळेपण महत्त्वाचे आहे. अशा नौकेवर ट्रॉल ओढून वर आलेला माल डेकवर ओततात. ढोमा, राणी मासा, वाम, माकूल, कोळंबी असे गट वेगळे करून वजन, लांबी व परिपक्वता नोंदवतात आणि दर तासाची पकड काढतात. भारतीय मत्स्य सर्वेक्षणाचे मुख्यालय मुंबईतच असून त्याच्या येथील तळाची जहाजे ससून डॉकवरून सुटतात. मत्स्य निरीक्षणी हे ट्रॉलर आणि मत्स्य वृष्टी हे कुपा पकडण्याच्या लांब दोरीचे जहाज, ही त्यांतील परिचित नावे.

विद्यापीठीय विभागांकडे स्वतःचे मोठे जहाज नसते. त्यांचे विद्यार्थी खाडीत व किनाऱ्यालगत भाड्याच्या मचव्यातून नमुने घेतात आणि मार्गदर्शकाच्या ओळखीने किंवा संयुक्त प्रकल्पातून मोठ्या सफरीत जागा मिळवतात. ही व्यवस्था न्याय्य म्हणता येत नाही. ज्याच्या मार्गदर्शकाचा प्रकल्प जहाजावर नाही, तो विद्यार्थी अरबी समुद्रावर प्रबंध लिहूनही अरबी समुद्र न पाहता राहू शकतो. प्रत्येक सफरीत काही जागा प्रकल्पाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी राखणे हा त्यावरचा साधा उपाय आहे आणि तो व्हायला हवा.

परदेशी जहाजे : युनेस्कोच्या आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाने ‘तरंगते विद्यापीठ’ हा उपक्रम 1991 मध्ये सुरू केला. जागतिक महासागर निरीक्षण भागीदारी (पोगो, स्थापना 1999) विकसनशील देशांतील तरुण संशोधकांना सफरींवर पाठवण्यासाठी शिष्यवृत्त्या देते. दुसऱ्या हिंदी महासागर मोहिमेची पहिली सफर सागर निधीवरून डिसेंबर 2015 मध्ये गोव्याहून निघाली. कायद्याची एक तरतूदही विद्यार्थ्यांच्या उपयोगाची आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1982 च्या सागरी कायदा करारानुसार किनारी देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात (किनाऱ्यापासून 200 सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रात) संशोधन करू इच्छिणाऱ्या परदेशी जहाजाला सहा महिने आधी माहिती द्यावी लागते (अनुच्छेद 248). किनारी देशाने इच्छा दर्शवल्यास त्याच्या वैज्ञानिकांना शक्य तेव्हा जहाजावर घेण्याचेही त्यावर बंधन असते (अनुच्छेद 249).

मुंबईच्या दृष्टीने उल्लेखनीय सफर जॉइड्स रेझोल्यूशन या खोदकाम जहाजाची. आंतरराष्ट्रीय महासागर संशोधन कार्यक्रमाची 355 वी मोहीम 31 मार्च 2015 रोजी कोलंबोहून सुरू होऊन 31 मे रोजी मुंबईत संपली. धनंजय पांडे व पीटर क्लिफ्ट हे तिचे संयुक्त मुख्य वैज्ञानिक होते. अरबी समुद्राच्या तळावरील लक्ष्मी खोऱ्यात दोन ठिकाणी समुद्रतळाखाली सु. 1,100 मी. पर्यंत खोदून मान्सून आणि हिमालयाची झीज यांचा इतिहास सांगणारे गाळाचे गाभे काढण्यात आले. या जहाजावर वैज्ञानिकांना बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या असत आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनाही अर्ज करता येई. अमेरिकेने 2024 मध्ये जहाजाचा करार संपवल्याने ही वाट बंद झाली आहे. हिंदी महासागरातील गाभे जपानमधील कोची येथील भांडारात ठेवतात. पहिल्या वर्षी ते मोहिमेतील वैज्ञानिकांसाठी राखीव असतात. त्यानंतर जहाजावर न गेलेल्या विद्यार्थ्यालाही मार्गदर्शकामार्फत नमुने मागता येतात.