२-डीऑक्सिग्लुकोज : यीस्टची सहनशीलता आणि पोषक माध्यम

२-डीऑक्सिग्लुकोज (यापुढे ‘२-डीजी’) हा ग्लुकोजचा जवळपास हुबेहूब तोतया. दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिल गटाऐवजी नुसता हायड्रोजन, एवढाच फरक. पण त्यामुळे तो यीस्टला विषारी ठरतो. मात्र किती मात्रेला यीस्ट दबेल, हे सोबत कोणती साखर आहे यावर अवलंबून असते. माध्यम न सांगता नुसती मात्रा सांगण्याला फारसा अर्थ नाही. येथील माहिती पावाच्या यीस्टची, म्हणजे सॅकरोमायसीस सेरेव्हिसीची आहे.

२-डीजी ग्लुकोजच्याच वाहक प्रथिनांतून पेशीत शिरतो. हेक्सोकायनेज हे विकर एक एटीपी (पेशीचे ऊर्जेचे चलन) खर्चून त्याला फॉस्फेट जोडते. पुढच्या पायरीला दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल लागतो, म्हणून गाडी तिथेच अडते. २-डीजी-६-फॉस्फेट साचत जाते आणि खर्चलेला एटीपी वसूल होत नाही. पेशीभित्तिकेतील ग्लुकान व मॅनान या साखरसाखळ्यांची घडणही बिघडते, त्यामुळे वाढत्या पेशी फुटू शकतात.

माध्यमात २% ग्लुकोज (सुमारे १११ मिलिमोलर) असेल, तर चाचणीसाठी सहसा ०.२% २-डीजी (सुमारे १२ मिलिमोलर) घेतात. म्हणजे तोतयाच्या एका रेणूमागे खरे नऊ रेणू वाहकापाशी आणि हेक्सोकायनेजपाशी रांगेत असतात. गॅलॅक्टोज, रॅफिनोज किंवा सुक्रोजवर मात्र ०.०२%, म्हणजे दहावा हिस्साही पुरतो. स्पर्धा घटते हे एक कारण. दुसरे अधिक रंजक आहे. २-डीजीमुळे पेशीला ग्लुकोज मुबलक असल्याचा खोटा निरोप मिळतो, ग्लुकोज कमी असताना इतर साखरांची जनुके चालू करणारे एसएनएफ-१ कायनेज हे विकर मंदावते आणि इतर साखरा वापरणारी जनुके दबलेलीच राहतात. सुक्रोज फोडणारे इन्व्हर्टेज पेशीपटलाबाहेर काम करते. ते तयारच झाले नाही, तर भरल्या ताटापुढे उपासमार होते.

पेशीचा बचाव डॉग-१ व डॉग-२ ही जनुके करतात. त्यांची विकरे २-डीजी-६-फॉस्फेटवरचा फॉस्फेट काढून टाकतात. यातील डॉग-२ स्वतःच ग्लुकोजने दबते, म्हणजे पोषणाचा हात इथेही पोहोचतो. हेक्सोकायनेज-२ किंवा रेग-१ (एसएनएफ-१ ला आवर घालणारे जनुक) निकामी झालेले वाण प्रतिरोधक असतात. एसएनएफ-१ नसलेले वाण अतिसंवेदनशील. रेग-१ नसलेल्या वाणाचा प्रतिरोध एसएनएफ-१ काढल्यास नाहीसा होतो. त्सिमरमान व शेल या संशोधकांनी १९७७ मध्ये ग्लुकोज-दमन (ग्लुकोजमुळे इतर जनुके दबणे) न मानणारी उत्परिवर्ते, म्हणजे जनुकात बदल झालेले वाण, २-डीजीच्याच मदतीने निवडली होती.

चाचणीच्या तबकडीसाठी १% यीस्ट अर्क, २% पेप्टोन व २% अगार ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) करावे. साखर व २-डीजी यांची द्रावणे वेगळी ठेवावीत. २-डीजीचे द्रावण ०.२ मायक्रोमीटर गाळणीतून गाळून, अगार ५०–५५ अंश सेल्सिअसपर्यंत निवल्यावर मिसळावे. पेशींची दसपट विरलने करून ५ मायक्रोलिटरचे थेंब ठेवावेत व तबकड्या ३० अंशांवर ठेवाव्यात. ग्लुकोजवर दोन-तीन दिवस पुरतात. रॅफिनोजवर जास्त लागतात. प्रत्येक साखरेची २-डीजी नसलेली तबकडी सोबत हवीच, नाहीतर मुळातच गॅलॅक्टोज न पचवणारा वाण ‘संवेदनशील’ म्हणून नोंदला जातो.

निकाल फसतो तो बहुधा ग्लुकोजच्या अंशामुळे. स्वस्त गॅलॅक्टोजमध्ये तो असू शकतो. पूर्ववाढीच्या द्रवातूनही येतो, म्हणून पेशी निर्जंतुक पाण्याने दोनदा धुवाव्यात. सुक्रोजवर दाट थेंब हमखास दिशाभूल करतो. आधीच इन्व्हर्टेज बाळगणाऱ्या पेशी ग्लुकोज मोकळा करतात आणि शेजाऱ्यांनाही जगवतात. खरा फरक विरळ थेंबांत दिसतो. चार-पाच दिवसांनी थेंबात उमटणाऱ्या टपोऱ्या पुटकुळ्या म्हणजे सहनशीलता नव्हे. त्या बहुधा नव्या उत्परिवर्तांच्या वसाहती असतात. त्या २-डीजीविना माध्यमावर दोनदा रेघून एकल वसाहत घ्यावी आणि मगच पुन्हा तपासावी.