पाणी की तेल? जपानी तलवार ओळखताना

सातारा जिल्ह्यातल्या एका ओळखीच्या घरी माळ्यावरची ट्रंक खाली उतरवली, तेव्हा मी तिथे होतो. वर घडी घातलेली धोतरं, पलटणीतला एक फोटो आणि तळाशी जुन्या सुती लुगड्यात गुंडाळलेली तलवार. घरातले आजोबा ब्रह्मदेशच्या आघाडीवर होते. युद्ध संपल्यावर ते ही सोबत घेऊन आले आणि तेव्हापासून घरात तिचं नाव पडलं 'सामुराईची तलवार'. नातू आता चाळिशीचा आहे. त्यानं सरळच विचारलं, "काका, ही खरोखर सामुराईची आहे का हो?"

ब्रह्मदेशातून अशी तलवार आपल्याकडे येणं नवलाचं नाही. 1945 साली जपान शरण आला तेव्हा ब्रह्मदेशात ब्रिटिशांच्या चौदाव्या सेनेचं नेतृत्व केलेले विल्यम स्लिम यांनी आग्रह धरला, की जपानी अधिकाऱ्यांनी आपल्या सैनिकांदेखत तलवारी उतरवून द्यायच्या. या सेनेत बहुसंख्य सैनिक भारतीय होते. जपानी सेनापती किमुरा यांची तलवार खुद्द स्लिम यांच्याकडे गेली, बाकीच्या कुठे कुठे पांगल्या. त्यातल्याच काही आज अशा ट्रंकांमध्ये निजलेल्या आहेत.

तलवारीचं वय साजावरून काढायला गेलं की हमखास फसगत होते. ट्रंकेतल्या तलवारीचं म्यान धातूचं होतं, वर खाकी रंग. मुठीच्या तोंडाशी असलेल्या चकतीवर साकुराची फुलं कोरलेली. मुठीवर पाकटाची खरबरीत पांढरी कातडी, तिच्यावर तिरकी गुंडाळलेली फीत आणि टोकाला मळकट गोंडा. हा सगळा साज 'शिन-गुंतो'चा, म्हणजे नव्या लष्करी तलवारीचा. 1876 साली मेइजी सरकारनं सामुराईंना कमरेला तलवार लावायची बंदी केली आणि नव्या फौजेनं युरोपी धाटणीच्या मुठी स्वीकारल्या. 1930च्या दशकात वारं फिरलं. जुन्याचा अभिमान वर आला आणि 1934 साली सेनेनं प्राचीन 'ताची' तलवारीच्या धर्तीवर नवा साज ठरवला. 1938 मध्ये त्यात थोडे फेरफार झाले. म्हणजे साज विसाव्या शतकातला, एवढं नक्की.

पण पात्याचं काय? अधिकारी आपली तलवार स्वतः विकत घ्यायचा. घरात पणजोबांचं पातं असेल तर तो त्याच पात्यावर लष्करी साज चढवून घेई. मराठी वाचकाला हे सांगायला फार कष्ट पडू नयेत. आपल्या 'फिरंग' तलवारीत पातं युरोपातलं आणि मूठ इथली असते. मूठ पाहून ती तलवार कुठे घडली हे ठरवलं, तर उत्तर चुकणारच. खाकी म्यानातून चारशे वर्षांचं पातं निघू शकतं, किंवा 1942 सालचं कारखान्यातलंही.

एका प्रकारात मात्र साज पाहताच निकाल लागतो. हवालदार दर्जाच्या सैनिकांसाठी 1935 साली ठरलेली तलवार पूर्णपणे यंत्रावर बनलेली असते. तिची मूठ बहुधा ॲल्युमिनियमची ओतीव असते आणि फीत गुंडाळल्याचा भास व्हावा म्हणून वरून रंगवलेली. पात्यावर मुठीजवळ अनुक्रमांक ठोकलेला असतो. अनुक्रमांक दिसला की पणजोबांच्या पात्याची आशा सोडावी. बाजारात मात्र हीसुद्धा 'सामुराई' म्हणून विकली जाते, याचं मला खरोखर वाईट वाटतं. लष्करी इतिहासाची वस्तू म्हणून तिला स्वतःचं मोल आहे. खोट्या नावाची तिला गरज नाही.

आमची तलवार तशी नव्हती. तिची मूठ बांबूच्या खुंटीनं पात्याला अडकवलेली होती. खुंटी हलक्या हातानं बाहेर काढली, मूठ सरकवली आणि आतला 'नाकागो' उघडा पडला. नाकागो म्हणजे पात्याचा मुठीत दडलेला भाग. जाणकार सगळ्यात आधी हाच भाग मागतात, कारण लोहार त्याला जाणूनबुजून झिलई देत नाही. तिथे गंज चढू देतात, आणि तो गंज हेच वयाचं प्रमाणपत्र. शेकडो वर्षांचा गंज जुन्या बिडाच्या तव्यासारखा असतो: काळपट, गुळगुळीत, बोट फिरवलं तरी पूड न सोडणारा. पावसात भिजलेल्या पत्र्यासारखा भगवा, भुरभुरीत गंज दिसला तर तो एक तर अलीकडचा, नाही तर रसायन लावून मुद्दाम आणलेला. त्या गंजाखाली कानशीच्या रेघा असतात. कुणी त्या आडव्या मारी, कुणी तिरक्या; घराण्याघराण्याची पद्धत वेगळी.

आणि इथे माझा जीव हळहळला. या तलवारीचा नाकागो चकचकीत होता. कुणीतरी, बहुधा दसऱ्याच्या शस्त्रपूजेआधी, प्रेमानंच, तो पॉलिश पेपरनं घासून काढला होता. कानशीच्या रेघा अर्ध्या पुसल्या गेल्या होत्या. ज्यांच्या घरी अशी तलवार असेल त्यांना मी हात जोडून सांगतो: नाकागोला पॉलिश पेपर नको, चिंच-मीठ नको, काहीच नको. पात्याला बोटं लागू देऊ नका, घामानं डाग पडतात. मऊ कापडानं शिवणयंत्राच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवला की पुरे.

नाकागोवर बऱ्याचदा घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. ते वाचता आलं की काम झालं असं वाटतं, पण नाव हा सगळ्यात कच्चा पुरावा. नामवंत लोहारांच्या नावांच्या खोट्या सह्या शतकानुशतकं कोरल्या जात आल्या आहेत. उलट नाव नाही म्हणून पातं सामान्य, असंही नाही. जुन्या लांब तलवारी पुढच्या काळात मुठीकडून कापून आखूड केल्या गेल्या, आणि त्या तुकड्याबरोबर नावही गेलं. विख्यात जपानी लोहार मासामुने याच्या परंपरेतली कित्येक थोर पाती बिननावाचीच आहेत. होनआमी घराण्यातले लोक पिढ्यानपिढ्या अशी पाती पाहून निकाल देत आणि दुमडलेल्या कागदावर तो लिहून देत. या कागदाला 'ओरिगामी' म्हणत. जपानीत आजही खात्रीच्या माणसाला किंवा वस्तूला 'ओरिगामी लावलेला' असं म्हणतात.

नाव विश्वासाचं नाही, साज विश्वासाचा नाही, मग पाहायचं काय? पोलाद. आणि पोलादाची गोष्ट कळायला आपल्याकडे एक फार चांगला शब्द आहे: पाणी. गावातला लोहार कोयता तापवून लाल करतो आणि पाण्यात बुडवतो, त्याला आपण 'पाणी देणं' म्हणतो. पाणीदार हत्यार म्हणजे धार टिकवणारं हत्यार. जपानी लोहारही पाणीच देतो, पण देण्यापूर्वी पात्याला माती लावतो. चिकणमाती, कोळशाची पूड आणि दगडाची भुकटी यांचा लेप, पाठीकडे जाड आणि धारेकडे पातळ. मग पातं 750 ते 800 अंश सेल्सिअसपर्यंत तापवायचं. अंदाज डोळ्यांचा, म्हणून हे काम अंधारात करतात; रंग नीट दिसला पाहिजे. आणि मग पाणी.

तापलेल्या पोलादात कार्बनचे अणू लोखंडाच्या अणूंच्या जाळीत विरघळलेले असतात. पोलाद सावकाश निवलं तर कार्बनला बाहेर पडून वेगळी जागा धरायला वेळ मिळतो आणि तुलनेनं मऊ, चिवट पर्लाइट तयार होतं. एकदम निवलं तर कार्बन जिथल्या तिथे अडकतो, जाळी ताणली जाते आणि अतिशय कठीण मार्टेन्साइट बनतं. जाड मातीखालची पाठ सावकाश निवते, पातळ लेपाखालची धार क्षणात. एकाच पात्यात कठीण धार आणि मार सोसणारी पाठ.

मार्टेन्साइट जागाही जास्त व्यापतं, घनफळ सुमारे चार टक्क्यांनी वाढतं. त्यामुळे पाण्यात एक विलक्षण दृश्य घडतं. पहिल्या क्षणी धार झपाट्यानं निवून आकसते आणि पातं धारेच्या दिशेनं खाली वाकतं. पाठोपाठ धारेत मार्टेन्साइट तयार होतं, धार लांबते आणि पातं उलट, पाठीकडे वळतं. जपानी तलवारीचा तो डौलदार बाक मोठ्या प्रमाणात या काही सेकंदांत येतो. याच क्षणी धारेला तडाही जाऊ शकतो. तडा गेला की महिनोन्‌महिन्यांची मेहनत भंगारात.

कठीण आणि मऊ यांच्या सीमेवर जी दुधाळ नागमोडी रेघ उमटते तिला 'हामोन' म्हणतात. ती पाहायची एक रीत आहे. खोली अंधारी करायची, एकच दिवा ठेवायचा आणि पात्याचं टोक दिव्याकडे धरून ते किंचित वरखाली करायचं. प्रकाश पात्यावरून घरंगळतो आणि सीमेवरचे मार्टेन्साइटचे कण चमकतात. डोळ्यांना सुटे दिसतील एवढे मोठे कण म्हणजे 'निए', धुक्यासारखे बारीक म्हणजे 'निओई'. धारेच्या वर, पोलादाच्या अंगात, लाकडाच्या रेषांसारखी नक्षी दिसते. ती घड्यांची खूण. 'तामाहागाने' हे पारंपरिक पोलाद दहा-पंधरा वेळा दुमडून ठोकतात. 15 घड्यांत 32,768 थर होतात. यात मळी निघते, कार्बन सगळीकडे सारखा पसरतो.

तामाहागाने येतं कुठून? शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमो इथे 'तातारा' नावाची मातीची भट्टी 1977 पासून पुन्हा पेटवली जाते. सुमारे 10 टन लोहवाळू आणि 12 टन कोळसा तीन दिवस, तीन रात्री जाळून जेमतेम अडीच टनांचा पोलादी गोळा मिळतो, आणि त्यातलाही थोडाच भाग उत्तम. या पोलादात मँगनीज फार कमी असतं. त्यामुळे ते फार वेगानं निवलं तरच कठीण होतं, म्हणून त्याला पाणीच लागतं, आणि म्हणूनच हामोनची रेघ इतकी सुस्पष्ट उमटते.

युद्धकाळात लाखो सैनिकांना तलवारी पुरवताना हे कुठून जमणार? कारखान्यांनी तयार पोलाद घेतलं आणि ते तेलात निववलं. तेलात पातं पाण्यापेक्षा सावकाश निवतं, तडा जायचा धोका कमी. हामोनसारखी रेघ तेलातही उमटते, पण 'निए'चे दाणे सहसा नसतात आणि पात्याच्या अंगात घड्यांची नक्षी नसते. काही ठिकाणी तर आम्लानं खरवडून रेघ काढलेली असते. भिंग धरलं की ती चुन्याच्या पट्ट्यासारखी सपाट पांढरी दिसते.

पण 'लष्करी म्हणजे कारखान्यातली' हेही सरसकट खरं नाही. तोक्योतल्या यासुकुनी देवस्थानाच्या आवारात 1933 ते 1945 या काळात अधिकाऱ्यांसाठी तामाहागानेच्या, पारंपरिक रीतीच्या सुमारे 8,100 तलवारी घडल्या. सेनेच्या मान्यताप्राप्त लोहारांच्या पात्यांवर ताऱ्याचा ठसा सापडतो. दुसऱ्या टोकाला, दक्षिण मांचुरिया रेल्वे नावाच्या कंपनीनं आपल्या कारखान्यात आपल्याच पद्धतीची पोलादी पाती केली. संग्राहक तीही आवडीनं जमवतात, आणि मला ते पटतं.

आता पातं न कापता आत डोकावताही येतं. न्यूट्रॉन पोलादातून आरपार जातात आणि स्फटिकांची रचना, कार्बनचं प्रमाण, आतले ताण यांची माहिती घेऊन येतात. इंग्लंडमध्ये आणि जपानमध्ये अशा न्यूट्रॉन केंद्रांत जुनी जपानी पाती तपासली गेली आहेत. माळ्यावरच्या तलवारीला मात्र अंधारी खोली आणि एक दिवाच मिळायचा.

आम्ही दारं-खिडक्या लावून घेतल्या. नातवानं दिवा धरला, मी पातं. रेघ होती, एकसारख्या लाटांची, पण दाणा एकही चमकला नाही. पोलाद आरशासारखं नितळ, नक्षी नाही. आणि घासलेल्या नाकागोवर, पॉलिश पेपरमधूनही बचावलेला एक बारीक ठसा होता: 'शोवा', हिरोहितो सम्राटांच्या कारकिर्दीचं नाव. अपारंपरिक पद्धतीनं केलेल्या युद्धकालीन पात्यांवर तो सापडतो. तेल, पाणी नव्हे. जपानमध्ये कला म्हणून नोंद होते ती पारंपरिक पात्यांची; अशा पात्याची नोंद होत नाही, आणि नोंदीशिवाय ते तिथे बाळगता येत नाही.

मी नातवाला सगळं सांगितलं. तो क्षणभर गप्प झाला. मग ट्रंकेच्या तळातून त्यानं एक बोटभर लांब लाकडी पट्टी काढली. "ही मुठीला सुतळीनं बांधलेली होती. लहानपणी मीच सोडली."

पट्टीवर शाईची फिकट जपानी अक्षरं होती. शरण येताना कित्येक जपानी अधिकारी तलवारीला अशी पट्टी बांधत, कधीतरी ती घरी परत येईल या आशेनं, त्यावर नाव आणि गाव लिहून. मी त्याला पट्टी पुसू नकोस म्हणून सांगितलं आणि दिव्याखाली तिचा फोटो काढून घेतला. जपानी वाचणारं कुणी भेटेल तेव्हा दाखवायला.