दर सारखा, पगार वेगळा

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातल्या बस आणि रेल्वे एमबीटीए ही सार्वजनिक संस्था चालवते. तिथल्या चालकांचा तासाचा दर युनियनच्या करारात ठरलेला आहे. साहेबाची मर्जी सांभाळून पगारवाढ पदरात पाडून घ्यायची सोय नाही. नोकरीची वर्षं मोजायची आणि सिनिऑरिटीप्रमाणे पाळी निवडायची, बस्स. गाड्या त्याच, रस्ते तेच. तरीही पुरुष चालक एक डॉलर कमावत होता तिथे बाई चालक ८९ सेंटच कमावत होती.

व्हॅलेंटिन बोलोत्नी आणि नतालिया इमॅन्युएल या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ ते २०१७ या काळातल्या तिथल्या हजेरीच्या नोंदी चाळल्या. दरात कुठेच खोट नव्हती, फरक तासांत होता. पुरुष चालक वर्षाकाठी बायकांपेक्षा ८३ टक्के जास्त ओव्हरटाइम करत आणि बिनपगारी रजा ४८ टक्के कमी घेत. ओव्हरटाइमला दीडपट पैसे, त्यामुळे थोड्या तासांचाही पगारावर बराच परिणाम होई.

मला यातली पुढची नोंद जास्त बोलकी वाटते. ओव्हरटाइम तीन महिने आधी ठरलेला असेल, तर बायका जवळपास पुरुषांइतकाच करत. ऐनवेळी विचारणा झाली की मात्र पुरुष 'हो' म्हणत आणि बायका मागे राहत. घरी लहान मुलं असतील तर आणखीच. म्हणजे जास्त काम करायची तयारी होती. अडचण होती ती आयत्या वेळी मूल कुणाकडे सोपवायचं ही.

इथून भांडण सुरू होतं. एक बाजू म्हणते, बघा, भेदभाव नाहीच, ज्याने त्याने आपापली निवड केली. दुसरी बाजू विचारते, हिला निवड म्हणायचं?

या वादात आकडेशास्त्राची एक गोम आहे. फ्रान्सिन ब्लाउ आणि लॉरेन्स कान यांच्या हिशोबानुसार २०१० मध्ये अमेरिकेत पुरुषाच्या तासाच्या १०० डॉलर कमाईमागे स्त्रीची कमाई साधारण ७९ डॉलर होती. शिक्षण, अनुभव, उद्योग, व्यवसाय असं सगळं जमेस धरलं की हाच आकडा ९२च्या आसपास जातो. उरलेल्या आठेक डॉलरांचं कारण या घटकांतून मिळत नाही. त्यात भेदभाव असू शकतो, न मोजलेलं आणखी काहीही असू शकतं. पण ज्या भागाचं 'कारण मिळालं', तो निर्दोष ठरतो का? घरातल्या मुलीला ताटात कमी वाढलं आणि वजन कमी का, तर ती कमी जेवते म्हणून, असं सांगितलं तर गणित बरोबरच आहे. कमी कोणी वाढलं, हा प्रश्न त्या गणितात येतच नाही.

डेन्मार्कमधल्या अभ्यासाने याच प्रश्नाला हात घातला. हेन्रिक क्लेवेन आणि सहकाऱ्यांनी १९८० ते २०१३ या काळातल्या सरकारी नोंदी पाहिल्या. पहिलं मूल होईपर्यंत स्त्री-पुरुषांच्या कमाईचे आलेख जवळजवळ बरोबरीने चालतात. मूल झालं की आईचा आलेख एकदम कोसळतो आणि पुढे दीर्घकाळ सुमारे २० टक्के खालीच राहतो. बापाच्या आलेखाला ओरखडाही नाही. यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे गरोदरपण, बाळंतपण, अंगावरचं दूध. निसर्गाचंच आहे ते. म्हणून त्यांनी दत्तक मूल घेणाऱ्या जोडप्यांकडे पाहिलं. तिथे बाळंतपणाचा प्रश्नच नाही. तरी काही वर्षांनी दत्तक आईची कमाईही जवळपास तितकीच मागे पडलेली दिसली. मला तरी हा पुरावा बिनतोड वाटतो.

२०२३चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांचा रोख नोकरीच्या घडणीवर आहे. काही नोकऱ्या हावरट असतात, असं त्या म्हणतात. दुप्पट तास आणि रात्री-अपरात्री फोन उचलायची तयारी असेल, तर त्या दुपटीहून जास्त पैसे देतात. मग जोडप्यातल्या एकाने अशी नोकरी धरायची आणि दुसऱ्याने घर, हाच हिशोब फायद्याचा ठरतो. दुसरं कोण, हे सांगायला नको. उलट अमेरिकेतल्या औषधविक्रेत्यांचं काम असं बदलत गेलं, की एकाच्या जागी दुसरा सहज उभा राहू शकतो. त्या व्यवसायात ही तफावत फार कमी आहे.

आपल्याकडे समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच आला. २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनमोबदल्याचं घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, ते करणाऱ्या पुरुषांची ८८. आयत्या वेळचा ओव्हरटाइम या मिनिटांत कुठे बसवणार?

आणि काही ठिकाणी तर तफावत मोजायलाही जागा नाही. बीडहून ऊसतोडीला जाणारं नवरा-बायकोचं जोडपं मुकादमाच्या वहीत एक 'कोयता' असतं. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते, मजुरी जोडीला टनावर मिळते आणि एखादा दिवस खाडा झाला तर दंड कापला जातो. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, पहाटे उठून भाकरीही तीच थापते. तिची स्वतःची मजुरी किती, तो रकाना वहीत नाही.