बस दिसते, बसचं येणं दिसत नाही

‘स्ट्रोकनंतर हलतं काही दिसत नाही म्हणे त्यांना.’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. दोन निराळे आजार एकाच पिशवीत कोंबलेले असतात.

पहिला हेमियानोपिया, म्हणजे समोरचं अर्धं दृश्य न दिसणं. मेंदूचा डावीकडचा मागचा भाग दुखावला की समोरच्या दृश्याची उजवी बाजू जाते, तीही दोन्ही डोळ्यांची. (‘उजवा डोळा गेला’ म्हणत चष्म्याच्या दुकानात जाणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.) पेपर वाचताना ओळीतला पुढचा शब्द सापडत नाही, उजवा खांदा दाराला आपटतो. असो.

अकायनेटॉप्सिया, म्हणजे गतिअंधत्व, हे प्रकरणच वेगळं. त्यात हलणारी वस्तू दिसते, रंग-आकारासकट. दिसत नाही ते हलणं. समजा, तुम्ही नाशिकच्या द्वारका चौकात रस्ता ओलांडायला उभे आहात. बस लांब आहे. पाऊल टाकणार तोच ती पुढ्यात! मधलं अंतर तिनं कधी कापलं, ते दिसलंच नाही. १९८३ साली त्सिल नावाच्या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी म्युनिकच्या ज्या बाईंबद्दल लिहिलं, त्यांचं असंच होई. कपात चहा ओतताना धार गोठल्यासारखी वाटे. पातळी चढताना दिसतच नसे, मग थांबायचं कधी? खोलीत माणसं फिरू लागली की त्या कावऱ्याबावऱ्या होत. आवाजाची हालचाल मात्र कळे, म्हणून गाडीचं अंतर त्या कानानं जोखायला शिकल्या. त्यांच्या मेंदूला इजा दोन्ही बाजूंना झाली होती, गती टिपणाऱ्या ‘व्ही-५’ या भागाच्या आसपास. एका बाजूच्या इजेनं सहसा इतकी पाळी येत नाही, म्हणून हा आजार दुर्मिळ.

आता उलटा प्रकार बघा. १९१७ साली जॉर्ज रिडॉक या डॉक्टरांनी डोक्याच्या मागच्या भागात जखमा झालेले सैनिक तपासले. काहींना आंधळ्या बाजूची वस्तू दिसेना, पण ती हलली की जाणवे. डोळ्यांकडून येणारे काही धागे दृष्टीचं मुख्य केंद्र टाळून व्ही-५ला पोचतात. मुंबईहून धुळ्याला निघालेली गाडी द्वारकेला न उतरता उड्डाणपुलावरून जाते, तसं.

आमच्या वाड्यातल्या एका काकांची उजव्या बाजूची नजर अशीच गेली आहे. तिकडचा पडदा वाऱ्यानं हलला की म्हणतात, ‘कोण आलं रे?’ घरचे म्हणतात, ‘दिसतंय की सगळं, सोंग करतात!’