डिकन्स स्वतः आला, दान्तेचं नुसतं नाव आलं

व्हिडिओ गेममध्ये कोणते जुने लेखक भेटतात, असा विषय निघाला की दोन नावं हमखास एका दमात घेतली जातात: 'अ‍ॅसॅसिन्स क्रीड सिंडिकेट'मधला इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्स आणि 'दान्तेज इन्फर्नो'मधला इटालियन कवी दान्ते. ही जोडी मला मनापासून खटकते. डिकन्सचा कॅमिओ, म्हणजे खऱ्या माणसाची छोटीशी हजेरी आहे, यात वाद नाही. दुसऱ्या गेमच्या नायकाला मात्र कवी दान्ते म्हणणं चूक आहे.

'सिंडिकेट' 2015 साली आला. त्यात 1868 चं लंडन उभं केलंय आणि गोष्ट जेकब व एव्ही फ्राय या जुळ्या भावंडांची आहे. डिकन्स मधूनच भेटतो, एखादं काम सोपवतो आणि आपल्या वाटेनं जातो. कामंही भुताखेतांची. घरांच्या छपरांवरून उड्या मारत लोकांना घाबरवणारा 'स्प्रिंग-हील्ड जॅक' म्हणजे नक्की कोण, याचा छडा तो फ्राय भावंडांना लावायला सांगतो. जॅकच्या अफवेनं लंडन खरोखरच पछाडलं होतं, 1837 पासून. गूढ प्रकारांची शहानिशा करणारा घोस्ट क्लबही खरा. तो 1862 मध्ये लंडनमध्ये सुरू झाला आणि त्याच्या सुरुवातीच्या सभासदांत डिकन्सचं नाव घेतलं जातं.

1868 मधला खरा डिकन्स 56 वर्षांचा आणि थकलेला होता. 9 जून 1865 रोजी स्टेपलहर्स्टला त्याची रेल्वेगाडी पुलावरून कोसळली, दहा माणसं गेली. त्याचा डबा पुलाच्या कडेला लटकत राहिला. त्यानं आधी जखमींना पाणी पाजलं आणि मग चालू कादंबरीचं हस्तलिखित आणायला तो त्याच डब्यात परत चढला. पुढच्याच वर्षी त्यानं रेल्वेच्या सिग्नलवाल्याची भूतकथा लिहिली. हे ठाऊक असलं की खेळातला भुतांच्या मागे लागलेला डिकन्स अगदी ओळखीचा वाटतो. काळ त्याचा, शहर त्याचं, पेशाही त्याचाच.

याच गेमच्या एका जादा भागात आर्टी नावाचा चुणचुणीत मुलगा गुन्ह्यांच्या तपासात मदत करतो. तो म्हणजे लहानपणीचा आर्थर कॉनन डॉयल, शेरलॉक होम्सचा जनक. खरा डॉयल एडिंबरोत जन्मला आणि तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचा होता, म्हणजे इथे मोकळीक घेतलीय. तरीही माणूस तोच आहे.

आता दान्ते. 2010 च्या त्या गेमचा नायक तिसऱ्या धर्मयुद्धातला योद्धा आहे. 1191 मध्ये आकरच्या लढाईत त्याच्यावर वार होतो, तो साक्षात मृत्यूला हरवतो, त्याचाच लांब दांड्याचा विळा हिसकावतो आणि प्रेयसी बिआत्रिचेच्या आत्म्यासाठी नरकात उतरतो. खरा दान्ते 1265 मध्ये फ्लॉरेन्समध्ये जन्मला, म्हणजे आकरनंतर 74 वर्षांनी. तलवार त्यालाही परकी नव्हती. 1289 ची काम्पाल्दिनोची लढाई तो घोडदळातून लढला. पण तो अजरामर झाला तो लॅटिन बाजूला ठेवून लोकांच्या बोलीत रचलेल्या 'डिव्हाइन कॉमेडी' या महाकाव्यामुळे. (आपल्याकडे ज्ञानेश्वरी 1290 ची. हे दोघे समकालीन होते, हे आठवलं की मला दर वेळी भरून येतं.) गेममधल्या योद्ध्याच्या हाती लेखणी दिसत नाही.

मग घोटाळा का होतो? कारण त्याचं मूळ काव्यातच आहे. 'डिव्हाइन कॉमेडी'त नरकातून चालणारा यात्रेकरू 'मी' म्हणून बोलतो, आणि त्याचंही नाव दान्ते. अभ्यासक लिहिणारा दान्ते आणि चालणारा दान्ते वेगळे धरतात. गेमनं त्या चालणाऱ्याला उचललं, त्याच्या अंगावर चिलखत चढवलं आणि त्याला शंभरेक वर्षं मागे नेऊन उभं केलं. काव्यातला यात्रेकरू नरकात भोवळ येऊन पडतो, रडतो, कीव करतो. गेममधला मुख्यतः विळा चालवतो. हे रूपांतर आहे, आणि रूपांतर म्हणून ते जोरकसही आहे.

लेखकाचा कॅमिओ त्या गेममध्येही आहे, पण तो व्हर्जिलचा. इसवी सन पूर्व 19 मध्ये वारलेला हा रोमन कवी काव्यात वाटाड्या आहे. गेममध्ये तो वाटेत ठिकठिकाणी उभा असतो, नरकाच्या पुढच्या वर्तुळात, म्हणजे पुढच्या थरात, काय आहे ते सांगतो आणि मागे राहतो. त्याच्या तोंडचं ते वर्णन बरंचसं काव्यातूनच आलेलं आहे, म्हणजे कवी दान्तेचे शब्द तिथे ऐकू येतात ते व्हर्जिलच्या आवाजात.