तिसऱ्या दिवसाचा थेंब

बाळ रडलं, दूध ओढू लागलं, वजनही छान भरलं. तरी दोन-तीन दिवसांनी नर्स येते, टाचेच्या कडेला टोचते आणि जाडसर टिपकागदावर छापलेली वर्तुळं रक्ताच्या थेंबांनी भरून घेते. धडधाकट बाळाला टोचायचं कशाला?

साधारण 2000 ते 4000 बाळांमागे एकात थायरॉइड, म्हणजे मेंदूच्या वाढीला लागणारं संप्रेरक बनवणारी गळ्यातली ग्रंथी, जन्मतःच पुरेसं काम करत नाही. गर्भात ही ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होते आणि मग गळ्यात उतरते. काही बाळांत ती तयारच होत नाही, काहींत वाटेतच अडकते. पण आईचं थोडं संप्रेरक वारेतून बाळाला मिळत असतं, त्यामुळे जन्मताना काहीच कळत नाही. नाळ कापल्यावर ही शिदोरी काही दिवसांत संपते. मग कावीळ रेंगाळते, रडणं घोगरं होतं, शी होत नाही, आणि बाळ खूप झोपतं. यातलं शेवटचं लक्षण सगळ्यात फसवं. ‘किती शहाणं बाळ, त्रासच देत नाही,’ असं कौतुक होत राहतं आणि तिकडे मेंदूच्या वाढीचे मोलाचे आठवडे निघून जातात.

मग जन्मल्याबरोबरच का तपासत नाहीत? गर्भाशयाच्या उबेतून बाहेर पडताच अर्ध्या तासात प्रत्येक बाळाचं टीएसएच उसळी मारतं. टीएसएच म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा हुकूम. पहिल्या दिवशी रक्त घेतलं तर निरोगी बाळंही आजारी ठरायची. उसळी ओसरायला 48 ते 72 तास द्यावे लागतात. त्याआधीच घरी जायचं असेल तर काही ठिकाणी नाळेतलं रक्त तपासतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचं टीएसएच उशिरा वाढू शकतं, म्हणून त्यांची तपासणी पुन्हा करावी लागते. आणि बिघाड पिट्युटरीतच असेल, तर नुसत्या टीएसएचवरून तो पकडला जात नाही.

वाळलेल्या थेंबातून थायरॉइड तपासण्याची ही युक्ती 1970 च्या दशकात कॅनडातल्या क्वेबेकमध्ये डॉक्टर जाँ द्युसो यांनी रुळवली.

टिपकागदावरचा आकडा म्हणजे निदान नव्हे. तो वाढलेला आला तर शिरेतलं रक्त तपासून खात्री करतात, आणि शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांतच लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे कमी पडणारं थायरॉइड संप्रेरक गोळीतून, सुरू होतं. दर किलो वजनामागे रोज 10 ते 15 मायक्रोग्रॅम, म्हणजे अगदी चिमुकली गोळी. ती चुरून चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात कालवायची आणि लगेच पाजायची. बाटलीभर दुधात टाकली आणि बाळाने दूध उरवलं, की औषधही उरलं. लोह, कॅल्शियम आणि सोया यांच्यामुळे ती नीट शोषली जात नाही, म्हणून वेळा वेगळ्या ठेवायच्या.

गोळी जन्मभराचीच असेल असं नाही. ग्रंथी जागेवर असेल, तर तीन वर्षांनंतर डॉक्टर काही आठवडे औषध थांबवून पाहतात. पण ते त्यांनी ठरवायचं, ‘आता बरं दिसतंय’ म्हणून घरच्यांनी नव्हे.