सुरक्षा अभियंत्यांचे सन्मान

यंत्रे, कारखाने, खाणी व रासायनिक संयंत्रे यांचा अभिकल्प (डिझाइन) करताना आणि ती चालवताना माणसाच्या जिवाला धोका राहू नये, या कामी आयुष्य वेचलेल्या अभियंत्यांना व्यावसायिक संस्था, विद्यापीठे व शासने यांच्याकडून मिळणारी पदके, पुरस्कार आणि मानद सदस्यत्वे यांचा या नोंदीत विचार केला आहे. पूल किंवा इंजिन बांधणाऱ्याचे काम लोकांना दिसते. सुरक्षेचे काम करणाऱ्याचे यश म्हणजे न झालेला स्फोट, आणि तो कोणाला दाखवता येत नाही. त्यामुळे या क्षेत्रातील अनेक सन्मान एखाद्या शोधापेक्षा संपूर्ण कारकिर्दीसाठी दिले जातात, आणि तेही बरेचदा निवृत्तीच्या सुमारास.

सुरक्षाविषयक अभिकल्पाच्या जाहीर गौरवाचे एक जुने उदाहरण खाणकामगारांच्या दिव्याचे आहे. कोळशाच्या खाणीत साचणारा मिथेन वायू उघड्या ज्योतीने पेट घेई. १८१५ साली ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हंफ्री डेव्ही यांनी ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवली. जाळीच्या चौरस इंचात ७८४ छिद्रे असत. त्यांतून हवा आत येई, पण तार उष्णता शोषून घेत असल्यामुळे ज्योत बाहेर पडू शकत नसे. डेव्ही यांनी या दिव्याचे एकस्व (पेटंट) घेतले नाही. रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेने त्यांना रमफर्ड पदक दिले आणि खाणमालकांनी १८१७ मध्ये चांदीच्या भांड्यांचा संच भेट दिला. डेव्ही यांच्या दिव्याच्याच सुमारास अभियंते जॉर्ज स्टीव्हन्सन यांनीही स्वतंत्रपणे दिवा बनवला होता. श्रेय कोणाचे, यावरून वाद पेटला आणि स्टीव्हन्सन यांच्या पाठीराख्यांनी वर्गणी काढून १८१८ मध्ये न्यूकॅसल येथे त्यांचा वेगळा सत्कार केला. डेव्ही यांची भांडी पुढे रॉयल सोसायटीकडे गेली आणि त्यांच्या किमतीतून डेव्ही पदक सुरू झाले. १८७७ पासून दिले जाणारे हे पदक रसायनशास्त्रातील संशोधनासाठी आहे. ज्या दिव्यामुळे ती चांदी मिळाली त्या दिव्याचा त्याच्याशी आता संबंध उरलेला नाही. दिवा आल्यावर पूर्वी धोकादायक म्हणून सोडलेल्या थरांतही खोदकाम सुरू झाले, त्यामुळे अपघात अपेक्षेइतके घटले नाहीत, असेही अनेक इतिहासकार मानतात.

अपघातानंतर धाव घेणाऱ्याला मान मिळण्याची प्रथा मात्र अधिक रुळलेली आहे. ब्रिटनमध्ये १९०७ साली सुरू झालेले एडवर्ड पदक खाणीत, आणि १९०९ पासून इतर उद्योगांतही, जीव धोक्यात घालून सहकाऱ्यांना वाचवणाऱ्यांसाठी होते. अपघातच होऊ न देणाऱ्याचा विचार त्यात नव्हता.

हा विचार रासायनिक उद्योगात ठळकपणे रुजला तो १९७० च्या दशकात. १ जून १९७४ रोजी इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथील कारखान्यात सायक्लोहेक्झेनच्या ढगाचा स्फोट होऊन २८ जण मरण पावले. एका ओळीतील सहा अभिक्रियापात्रांपैकी पाचव्याला तडा गेल्याने ते काढून त्या जागी वळणदार नळ बसवला होता. त्या नळाचा रीतसर आराखडा नव्हता. जे रेखाटन होते ते कर्मशाळेच्या फरशीवर खडूने काढलेले. ब्रिटिश रासायनिक अभियंते ट्रेव्हर क्लेट्झ (१९२२–२०१३) यांनी नळाच्याही मागे जाऊन विचारले की, इतका ज्वालाग्राही द्रव तेथे होताच कशाला? प्रत्येक फेरीत थोड्याच द्रवाची अभिक्रिया होई आणि उरलेला पुन्हा फिरवला जाई, म्हणून साठा मोठा ठेवावा लागे. जे साठवलेलेच नाही ते गळणारही नाही, हे त्यांचे सूत्र अंगभूत सुरक्षित अभिकल्पाचा पाया ठरले. आराखड्यातील प्रत्येक नळीपाशी थांबून ‘प्रवाह नाही’, ‘जास्त’, ‘कमी’, ‘उलटा’ असे शब्द लावून काय बिघडेल ते तपासण्याच्या पद्धतीचाही त्यांनी जगभर प्रसार केला. त्यांना १९९७ मध्ये ओबीई हा ब्रिटिश किताब मिळाला.

निवड करताना समित्यांना मोजमापाची अडचण येते. उमेदवाराने किती अपघात टाळले हे सांगता येत नसल्याने त्याने मानकांत सुचवलेले बदल, अपघातांच्या चौकशीतील सहभाग, अध्यापन आणि हाताखाली तयार झालेले अभियंते यांवर भर द्यावा लागतो. अमेरिकेतील यंत्र अभियंत्यांची संस्था मानकांच्या कामासाठी मेल्विन ग्रीन पदक देते. बाष्पित्र (बॉयलर) किंवा दाबपात्राच्या नियमातील एक कलम बदलण्यासाठी वर्षानुवर्षे बैठकांना बसणाऱ्यांची दखल घेणारी अशी पदके मोजकीच आहेत.

याउलट अपघातशून्य दिवस मोजून दिलेली बक्षिसे फसवी ठरू शकतात, कारण आकडा जपण्यासाठी लहान अपघात दडपले जातात आणि घसरून पडण्याच्या नोंदी कमी झाल्या म्हणून संयंत्रातील दाब आटोक्यात आहे असा समज होतो. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन हा समुद्रातील तेलविहिरी खोदणारा फलाट पेटून ११ जण गेले, त्या दिवशी फलाटावर वरिष्ठ अधिकारी आले होते आणि सात वर्षे कामाचा खाडा करणारी दुखापत न झाल्याचे कौतुकही त्या भेटीत होते.

इशारा देऊनही न ऐकल्या गेलेल्यांचा सन्मान हा या विषयातील अवघड भाग आहे. अमेरिकी अभियंते रॉजर बॉइजोली यांनी अवकाशयान नेणाऱ्या अग्निबाणाच्या जोडांतील रबरी कड्यांविषयी जुलै १९८५ मध्येच लेखी सावध केले होते आणि २७ जानेवारी १९८६ च्या रात्री थंडीमुळे उड्डाणाला विरोधही केला. दुसऱ्या दिवशी चॅलेंजर यान सात अंतराळवीरांसह नष्ट झाले. सहकाऱ्यांनी त्यांना दूर लोटले आणि त्यांनी नोकरी सोडली. १९८८ मध्ये विज्ञानाच्या प्रगतीसाठीच्या अमेरिकी संघटनेने त्यांना वैज्ञानिक स्वातंत्र्य व जबाबदारीबद्दलचा पुरस्कार दिला.

काही सन्मान स्मारकरूपाने चालतात. ऑक्टोबर १९८९ मध्ये टेक्ससमधील पॅसाडेना येथे झालेल्या स्फोटात २३ कामगार-अधिकारी मरण पावले, त्यांत मेरी के ओकॉनर या रासायनिक अभियंत्या होत्या. त्यांच्या पतीने १९९५ मध्ये टेक्सस ए अँड एम विद्यापीठात त्यांच्या नावाने प्रक्रिया-सुरक्षेचे, म्हणजे रासायनिक प्रक्रियांतील गळती, आग व स्फोट टाळण्याच्या अभ्यासाचे, केंद्र उभारले. प्रक्रिया-सुरक्षेतील भरीव कामासाठी हे केंद्र जो पुरस्कार देते, त्याला क्लेट्झ यांचे नाव आहे.